बाबांना जादू सांगताना

तिकीट खिडकीवर मी मुद्दाम कडेच्या खुर्च्या मागितल्या. खिडकीतल्या माणसाने नकाशावर बोट ठेवलं, "तिसऱ्या रांगेत तीन आहेत ताई, पण तिथून स्टेज तिरकं दिसेल." मला तिरकंच हवं होतं. बाबांना सरळ समोरचं दिसत नाही.

बाबा 79 वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका बोळात घड्याळं दुरुस्त केली. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर पांढऱ्या कागदावर उघडून ठेवलेलं घड्याळ, ही त्यांची बसण्याची ठेवण मला लहानपणापासून पाठ आहे. सात वर्षांपूर्वी एका तबकडीवरच्या मिनिटांच्या रेषा त्यांना वाकड्या दिसायला लागल्या. तबकडीच खराब आहे असं समजून त्यांनी ती बदलली. नवीसुद्धा वाकडी दिसली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौकटी आखलेला कागद समोर धरून कुठल्या रेषा वाकतात ते विचारलं आणि मॅक्युलर डीजनरेशन असं नाव सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला, बारीक बघणारा भाग वयाबरोबर झिजतो. कडेची नजर शाबूत राहते. ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देऊन नुकसान थोपवता येतं, बाबांचा प्रकार कोरडा, त्याला ती चालत नाहीत. बाबा स्वतः हे फार सोप्या शब्दांत सांगतात. "तुझ्याकडे बघितलं की तू जातेस आणि तुझ्या मागचं कपाट दिसतं."

दुकान बंद झालं. मनगटावरचं एचएमटीचं जनता तेवढं राहिलं. 1978 साली दुकान उघडलं तेव्हा घेतलेलं, चावीचं घड्याळ. रोज सकाळी आठला, चहा झाला की, बाबा त्याला वीस फेरे मोजून चावी देतात. वेळ त्यांना त्यात दिसत नाही. तरी देतात.

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या दहा वर्षांच्या लेकाने जादूच्या प्रयोगाला जायचा हट्ट धरला आणि आजोबा आले पाहिजेत हेही ठरवून टाकलं. बाबा म्हणाले, "मी येऊन काय करू? तिथे सगळं डोळ्यांचंच काम." लेक म्हणाला, "आई सांगेल ना तुम्हाला." सांगायचं काम असं माझ्याकडे आलं. मला वाटलं, क्रिकेटच्या समालोचनासारखं काहीतरी असेल, जमून जाईल.

रविवारचा पाचचा प्रयोग, बालगंधर्व रंगमंदिर. हे नाट्यगृह 26 जून 1968 ला उघडलं तेव्हा बाबा बावीस वर्षांचे होते आणि एका घड्याळजीकडे हाताखाली काम शिकत होते. जादूगार रघुवीरांचा प्रयोग त्यांनी आईबरोबर पाहिला होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात. पुण्यात माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसासमोर जादू हा शब्द काढला की रघुवीर हेच नाव आधी येतं. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनीही हीच कला धरली. आम्ही पाहायला गेलो ते जादूगार मात्र दुसरे, तिशीतले, गावोगावी प्रयोग करत फिरणारे.

पायऱ्या चढताना बाबांनी माझा दंड धरला. आत गेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "छत किती उंच वाटतंय? आवाज कसा घुमेल?" तिसरी घंटा झाली. पडदा उघडायच्या आधी मी त्यांना स्टेज सांगायला सुरुवात केली होती, पण पडदा उघडल्यावर मला एकदम खूपच दिसलं आणि मी घाईघाईने भरभर बोलत सुटले. मागे चंदेरी झालर, डावीकडे काळं टेबल, उजवीकडे मोठी रंगीत पेटी, दोन मुली, एक मुलगा, आणि वर दोरीला टांगलेली एक लाकडी पेटी.

"वर कशाला?"

"माहीत नाही. नुसती टांगलीय."

"बरं. लक्षात ठेव."

जादूगारांनी सुरुवातीलाच हात जोडून सांगितलं की इथे जे दिसेल ती हातचलाखी आहे, सराव आहे, यंत्रं आहेत, माझ्या अंगात कुठलीही शक्ती नाही, आणि कुणी तशी शक्ती असल्याचं सांगून तुमच्याकडे पैसे मागितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला हे मनापासून आवडलं. ज्या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे हातातून अंगारा काढणारा आणि हातातून रुमाल काढणारा यांच्यातला फरक मुलांना त्या रुमालवाल्यानेच सांगितलेला चांगला.

मग रुमाल आले. मी कानाशी लागून सांगत होते. "हातात लाल रुमाल आहे. मुठीत कोंबला. फुंकर मारली. आता हिरवा बाहेर आला."

"दुसरा हात कुठे होता?"

मला सांगता येईना. मी दुसऱ्या हाताकडे बघितलंच नव्हतं.

पुढच्या प्रयोगाला मी ठरवून दुसऱ्या हाताकडे बघत बसले. काठीचं फुलांच्या गुच्छात रूपांतर झालं तेव्हा बाबांनी विचारलं, "बदल होण्याच्या क्षणी तो कुणाकडे बघत होता?" हेही मला माहीत नव्हतं, कारण तो ज्या दिशेला बघत होता त्याच दिशेला मीही बघत होते. सबंध प्रेक्षागृह बघत होतं. बाबा तेवढे बघत नव्हते. मधलं दिसत नसल्यामुळे ते हल्ली मान थोडी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. जादूगार उजव्या हाताने काही दाखवत असतील तर बाबांचं तोंड बाल्कनीच्या खांबाकडे. आणि डोळ्याच्या कडेला बारीक आकार ओळखता येत नाहीत, पण हालचाल फार चटकन कळते. बाबा मधूनच पुटपुटायचे, "डावा खांदा हलला." "ती मुलगी उगीच पुढे आली." "दिवा आत्ता का मंद केला?"

अर्ध्या तासात आमची कामं उलटी झाली. मी त्यांना काय घडलं ते सांगत होते आणि ते मला काय घडत होतं ते सांगत होते. मला जादू दोन्हीकडून मिळायला लागली. समोर नाणं नाहीसं होताना छातीत जे होतं ते होतच होतं, आणि त्याच वेळी त्या माणसाच्या खांद्यात, पावलात, थांबण्यात किती काम भरलंय तेही दिसत होतं. युक्ती कळली की मजा जाते असं लोक म्हणतात. माझी एका प्रयोगातही गेली नाही.

हवेतून नाणी काढून बादलीत टाकण्याचा जुना खेळ झाला तेव्हा मी बोलणं थांबवलं. बाबांनी हातानेच खूण केली होती. त्यांनी डोळे मिटले. नाणं बादलीत पडल्याचा खणखणाट, मग पुढचं. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. खेळ संपल्यावर त्यांनी माझ्या कानात एक वाक्य सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. लेकालाही सांगितलेलं नाही. दुसऱ्याच्या पोटापाण्याची गोष्ट आहे.

त्यांना सगळ्यात आवडला तो पाण्याचा गडवा. वॉटर ऑफ इंडिया हे त्याचं जगभर चालणारं नाव, बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांनी आपल्या 'इंद्रजाल' कार्यक्रमातून तो देशोदेशी नेला. प्रत्येक दोन प्रयोगांच्या मध्ये जादूगार टेबलावरचा पितळी गडवा उचलून बादलीत पूर्ण उपडा करायचे, ठेवून द्यायचे, आणि पुढच्या खेळानंतर पुन्हा उचलला की पुन्हा पाणी. मुलं आधीच ओरडायची, "पाणी! पाणी!" बाबांना यात माझी गरज नव्हती. धार पडल्याचा आवाज त्यांना पुरत होता. पाचव्या वेळेला ते अगदी लहान मुलासारखे हसले आणि म्हणाले, "अजून आहे बघ."

करवतीने मुलगी कापण्याचा प्रयोग मात्र आम्हा दोघांनाही रुचला नाही. संगीत इतकं मोठं केलं होतं की बाबांना बाकी काहीच ऐकू येईना, आणि मला सांगायला शब्द सुचेनात. लंडनच्या रंगमंचावर पी. टी. सेल्बिटने 1921 साली हा प्रयोग केला आणि तेव्हापासून पेटीत झोपायची पाळी बहुतेक वेळा बाईवरच आली. 1956 मध्ये बीबीसीवर त्याच पी. सी. सरकारांनी फिरत्या करवतीने हाच प्रकार केला, वेळ संपल्याने कार्यक्रम एकदम थांबवला गेला आणि मुलगी खरोखरच मेली असं वाटून लोकांनी फोनवर फोन केले. त्या काळी तो धक्का असेल. आज सत्तर वर्षांनंतर त्या जागी दुसरं काहीतरी यायला हवं, असं मला तिथे बसूनही वाटत होतं.

मध्यंतरात बटाटेवडे घेतले. लेकाने आजोबांना विचारलं, "तुम्हाला येते का जादू?"

"एक येते," बाबा म्हणाले. "बंद घड्याळ मुठीत धरून चालू करायची."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. ऐंशीच्या दशकात एकदा त्यांच्या दुकानात एक बाई बंद पडलेलं घड्याळ घेऊन आल्या होत्या. कुठल्याशा बुवांनी ते तळहातात धरून चालू करून दिलं होतं, घरी नेल्यावर पुन्हा बंद पडलं. त्यांना वाटत होतं आपलंच काहीतरी चुकलं, सोवळं मोडलं असेल. बाबांनी ते घड्याळ त्यांच्यासमोर पाच मिनिटं मुठीत धरून ठेवलं, थोडं हलवलं, आणि ते टिकटिकायला लागलं. जुन्या घड्याळातलं तेल वाळून चिकट झालेलं असतं, हाताच्या उबेने ते सैल होतं, चाकं थोडा वेळ फिरतात, गार झाली की अडकतात. परदेशात उरी गेलर 1970च्या दशकात टीव्हीवरून असल्याच गोष्टी आपली अतींद्रिय शक्ती म्हणून दाखवत होता. बाबांनी त्या बाईंना कारण सांगितलं, घड्याळ उघडून साफ करून तेल घालून दिलं. "ते मग चाललं बरीच वर्षं," एवढंच म्हणून त्यांनी वडा संपवला.

उत्तरार्धात रिंगा झाल्या, एक मुलगी हवेत तरंगली, पत्त्यांचा एक लांबलचक प्रयोग झाला. पत्ते सांगणं अशक्य आहे. मी प्रयत्न सोडून दिला आणि बाबांनीही मला माफ केलं.

मग जादूगार पायऱ्या उतरून खाली आले. "कुणाकडे काट्यांचं, जुनं घड्याळ आहे का? आजोबा, तुम्ही?"

नंतर विचार करताना मला वाटलं, ते बाबांकडेच का आले असतील? शेकडो लोकांमध्ये आपण दाखवू तिकडे न बघणारा एकच माणूस त्यांना दोन तास स्टेजवरून दिसत असणार.

त्यांनी हात पुढे केला. बाबांनी घड्याळ काढून दिलं ते त्या हाताच्या जरा बाजूला, हवेत. लेकाने आजोबांचं कोपर हलकेच सरकवलं. जादूगार क्षणभर थांबले. त्यानंतर त्यांच्या बोलण्याची पद्धतच बदलली. आतापर्यंत ते "हे बघा, हे असं, आणि हे" असं बोलत होते. आता प्रत्येक गोष्ट नावानिशी मोठ्याने यायला लागली. "आजोबा, घड्याळ माझ्या डाव्या हातात आहे. उजव्या हातात माझा पांढरा रुमाल आहे. मी घड्याळ रुमालाच्या मधोमध ठेवतोय. चार टोकं वर घेतली. आता ही पुरचुंडी तुमच्या हातात देतोय, बाहेरून चाचपून बघा." कुणाला वाटलं असेल हा त्यांच्या नेहमीच्या बोलण्याचाच भाग आहे. मला माझं सांगायचं काम थांबवता आलं. दोन तासांत पहिल्यांदा.

बाबांनी पुरचुंडी दोन्ही हातांत घेतली. अंगठा एकदा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला.

"आहे ना आजोबा घड्याळ?"

सभागृह गप्प होतं. बाबा जितका वेळ गप्प राहिले तो प्रत्यक्षात दोन सेकंदांपेक्षा जास्त नसेल.

"घड्याळ आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

जादूगार पुरचुंडी घेऊन वर गेले, ती लाकडी ठोकळ्यावर ठेवली आणि हातोडी उचलली. मी खुर्चीच्या कडेला सरकले होते. सत्तेचाळीस वर्षांचं घड्याळ, ज्याचे भाग आता सहज मिळत नाहीत, ज्या कंपनीचा घड्याळांचा धंदाच 2016 साली गुंडाळायचं ठरलं, ते मी एका अनोळखी माणसाच्या हातात जाऊ दिलं होतं. हातोडी पडली. काच फुटल्याचा, पत्रा चेपल्याचा आवाज आला. लेकाने आजोबांचा हात घट्ट धरला. मी बाबांकडे बघितलं. त्यांची मान एका बाजूला कललेली होती, कान स्टेजकडे. दुसरा घाव पडला आणि त्यांचे खांदे सैल झाले, पाठ खुर्चीला टेकली. ते आरामात बसले.

रुमाल उघडला, त्यातून चाकं आणि तबकडीचे तुकडे घरंगळले. जादूगारांनी डोक्याला हात लावला, बायामाणसं हळहळली. मग त्यांनी वर बोट दाखवलं. पहिल्या मिनिटापासून टांगलेली ती लाकडी पेटी खाली आली. तिच्यात दुसरी पेटी, तिला कुलूप. तिच्यात डबा, त्याला दोरीच्या गाठी. लेकाला गाठी सोडायला वर बोलावलं, तो धावतच गेला. डब्यात एक छोटी डबी, आणि डबीत मखमलीवर एचएमटी जनता.

ते घड्याळ लेकानेच खाली आणलं. जादूगार त्याच्या मागोमाग आले, गुडघा टेकून बसले. "आजोबा, तुमच्या उजव्या हातावर घड्याळ ठेवतोय." बाबांनी ते कानाशी नेलं. टाळ्या सुरू व्हायच्या होत्या, जादूगारांनीच हात वर करून थांबवल्या. सगळं बालगंधर्व एका माणसाचं ऐकणं संपायची वाट बघत होतं.

"चालतंय," बाबा म्हणाले.

टाळ्यांमध्ये त्यांनी जादूगारांचा हात हातात घेतला आणि थोडा वेळ धरून ठेवला. बोटं चाचपली. मला वाटलं काहीतरी बोलतील, पण बोलले नाहीत. त्या तरुणाने वाकून नमस्कार केला आणि तो वर गेला. शेवटी गडव्यातून पुन्हा एकदा पाणी पडलं, सातव्यांदा, आणि पडदा मिटला.

बाहेर जंगली महाराज रस्त्यावर रिक्षा मिळायला वेळ लागला. लेकाचे प्रश्न थांबत नव्हते. गाठी तर खऱ्या होत्या, मी स्वतः सोडल्या, कुलूपही खरं होतं. मग त्याला आठवलं. "आजोबा, रुमालात खरंच घड्याळ होतं का? तुम्हाला लागलं ना हाताला?"

"होतं की. घड्याळच होतं."

"मग ते फुटलं आणि परत आलं?"

"तू स्वतः बाहेर काढलंस ना डबीतून?"

लेकाचं समाधान झालं. माझं झालं नाही, पण मी काही विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "पोराच्या बोटांना सराव आहे. रोज तीन-चार तास बसत असणार. अंगठ्याला घट्टा आहे, आपल्यासारखा." आपल्यासारखा म्हणताना त्यांनी स्वतःचा अंगठा तर्जनीवर घासला.

डेक्कनचा सिग्नल ओलांडून रिक्षा लकडी पुलावर आली तेव्हा त्यांनी घड्याळाची चावी दोन बोटांत धरून फिरवायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. मग घड्याळ तळहातावर घेऊन बसून राहिले.

"काय झालं बाबा? बिघडलं का?"

"नाही गं. चावी भरलेली आहे. पूर्ण."

"मग?"

"सकाळी आठला दिली होती मी. आत्ता सात-आठ फेरे तरी बसायला हवे होते." ते थोडं थांबले. "पडद्यामागे कुणीतरी बसून दिली बघ. हळू दिलीय. ओढून नाही."

लेक पलीकडच्या बाजूने नदी बघत होता, त्याने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चहा झाल्यावर बाबांनी घड्याळ हातात घेतलं, चावीवर बोट टेकवलं, आणि एकही फेरा न देता ते मनगटावर चढवलं.